संघपाल बिछायत केंद्राची वेबसाइट

माझे मामा संघपाल बिछायत केंद्राचे मालक आहेत. बिछायत केंद्र म्हणजे लग्नाला मांडव, गाद्या, खुर्च्या, कूलर आणि आत उभा माणूस मावेल एवढी पातेली भाड्याने देणारं दुकान. नागपुरात कोणाचं लग्न ठरलं की आधी नातेवाइकांना कळवतात आणि मग बिछायतवाल्याला. सीझन असेल तर उलट.

मला सोमवारी सकाळी हैदराबादच्या एका कंपनीत रुजू व्हायचं होतं. पहिली नोकरी. गाडी रविवारी संध्याकाळी पाचची. त्याआधी मामांची वेबसाइट कोणत्या तंत्रज्ञानात करायची याचा निकाल लावायचा, ती त्यांच्या हातात द्यायची आणि सुटायचं, एवढंच बाकी होतं. हे काम आईने घेतलं होतं. मी फक्त करत होतो.

तंत्रज्ञान निवडण्याची माझी कसोटी साधी होती. ज्यात पुढे मी लागणार नाही, ते योग्य. आमच्या नात्यात हे फार जपावं लागतं. माझ्या एका चुलतभावाने आत्याकडे नवीन टीव्ही लावून दिला होता. तो आता तिथेच राहतो.

मामांचं गोडाऊन बेशाला आहे. घेतलं तेव्हा ते गावाबाहेर होतं, आता चारही बाजूंनी फ्लॅट आहेत आणि बाल्कन्यांमधून लोक आमची पातेली बघत चहा पितात. लांबलचक पत्र्याचा शेड, आणि केबिन सगळ्यात मागे, कारण मामांच्या मते मालकाने मालाच्या मागे असावं. केबिनला एक दार, एक खिडकी. खिडकीत कूलर. मे महिन्यात ते खिडकी म्हणून मोजत नाहीत.

मी रविवारी सकाळी पोचलो, बॅग बाहेर माठाजवळ ठेवली, आत जाऊन लॅपटॉप उघडला.

"दोन पर्याय आहेत, मामा. पहिला रेडिमेड. तयार साइट मिळते. आपल्याकडे काय काय आहे ते भरायचं, लोक स्वतः तारीख टाकून बुकिंग करतात, आणि काही बिघडलं तर बंगळुरातला माणूस बघतो. दुसरा म्हणजे मी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायची. तिच्यात काहीही करता येतं."

"आन बिघडली त?"

"तर मी बघतो," हे मी अगदी हळू म्हटलं. कूलर विमानासारखा चालू होता, तरी त्यांना ऐकू आलं.

"म्हंजे रेडिमेडचा मेकॅनिक बंगलोरले बसते."

"हो, पण त्याला इथे यायची गरजच..."

"मांडवात पोरगी उभी आहे न साइट बंद पडली, त येईन का थो?"

"नाही."

"आन दुसरीचा मेकॅनिक माह्या बहिणीच्या पोटचा आहे. मंग तू विचार कायचा करून राहिला गा?"

माझा लॅपटॉप ज्या टेबलावर होता, ते टेबल नव्हतं. त्याच्यावर चादर टाकलेली होती. आत जनरेटर होता. मामांनी तो फार हौसेने घेतला आणि नंतर कळलं की त्याचा मेकॅनिक रायपूरला बसतो. तेव्हापासून त्याच्यावर चहा ठेवतात. मामांना तंत्रज्ञान कळत नाही असं माझ्या घरचे म्हणतात, ते खोटं आहे. त्यांनी ते एकदा फार जवळून पाहिलं आहे.

मी ठरवलं, रेडिमेड साइट डोळ्यांनी दाखवायची. चाचणीसाठी मी ती आधीच तयार करून ठेवली होती. वर मामांचा फोटो, हसतानाचा. खाली माल: खुर्च्या सहाशे. मी आजची तारीख टाकली आणि बेशाच्या लॉनवरची गोपाळरावांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर भरली. खुर्च्या सहाशे. हिरवी खूण आली, मामा खूश झाले.

"आता कुही गावची टाक. देवाजीभाऊची. पाचशे."

"कुहीची कधी आहे?"

"आजच ना."

इथे थोडं मामांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. आमच्यात, म्हणजे बौद्ध लग्नांत, मुहूर्त नसतो, सुट्टी असते. त्यामुळे ती लग्नं रविवारी. हिंदू लग्नं मुहूर्तावर, आणि मुहूर्त कोणत्याही वारी निघतो. त्यामुळे त्याच खुर्च्या मंगळवारी कुहीला जातात, गुरुवारी उमरेडला आणि रविवारी बेशाच्या लॉनवर. दोन्ही धर्मांची अशी वाटणी असल्यामुळे मामांचा संसार चालतो. ते स्वतः मुहूर्त मानत नाहीत, पण त्यांच्याइतकं पंचांग आमच्या भागात कोणाला पाठ नाही. एखादा मुहूर्त रविवारी आला की ते पंचांग छापणाऱ्यावर चिडतात. कामगारासारखे चिडतात, सुट्टीच्या दिवशी बोलावल्यासारखे.

आज तसाच रविवार होता. मी कुहीची ऑर्डर टाकली. पडद्यावर मामांच्या हसऱ्या फोटोखाली लाल अक्षरं आली: क्षमस्व, या तारखेला खुर्च्या उपलब्ध नाहीत.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कोन बोलून राहिलं?"

"वेबसाइट."

"कोनाले विचारून?"

"मामा, खुर्च्या सहाशे आहेत. सगळ्या बेशाला गेल्या. कुहीसाठी नाहीत."

"आहेत ना."

"कुठे?"

"त्याच."

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला जीवनचक्र समजावतात तसं. कुहीचा गोरज मुहूर्त. अक्षता पडल्या की लोक जेवायला उठतात. जेवायला उठलेला माणूस परत खुर्चीवर येत नाही. तो जेवतो, हात धुतो, उभ्याने पान खातो आणि घरी जातो. म्हणजे खुर्ची मोकळी. ती टेम्पोत. बेशाचं लग्न पत्रिकेत सातचं आहे, म्हणजे लोक साडेआठला यायला लागणार. तोवर कुहीच्या खुर्च्या बेशात हजर.

"आणि मध्येच एखादा बसलेलाच राहिला तर?"

"त्याले आपला टेम्पोवाला रुपराव म्हंते, काका, गुलाबजाम संपून राहिले."

मामांनी आजपर्यंत कोणालाही नाही म्हटलेलं नाही. तारीख कोणतीही असो, लग्नं किती का असोत, ते फोन उचलतात आणि म्हणतात, "होऊन जाईन." आणि होतं. दोन-तीन वेळा नाही झालं, तेव्हा नवरदेवाचे काका उभे राहिले, पण काकांचं लग्न होऊन गेलेलं असतं.

"तुह्या रेडिमेडले हे समजते का? का मानूस जेवाले उठते?"

"नाही. तिला वाटतं खुर्ची दिवसभर एकाच लग्नात असते."

"मंग तिचं लग्न लागलं नसन," मामा म्हणाले. "तू लिव. तू लिवलेली होऊन जाईन म्हनन ना?"

आता हे खरोखर लिहिता आलं असतं. खुर्ची कुठे आहे, टेम्पो कुठे आहे, पंगत कितवी, रुपराव गुलाबजामचं वाक्य कितव्यांदा म्हणाले, सगळ्याची नोंद ठेवणारी साइट. ती लिहायला मला एक आयुष्य लागलं असतं, आणि मामांच्या चेहऱ्यावर ते आयुष्य मंजूर झालेलं दिसत होतं.

"मी हैदराबादला जाऊन विचार करून कळवतो," असं म्हणून मी लॅपटॉप काखेत मारला आणि दार उघडलं.

समोर खुर्ची होती. तिच्यावर खुर्ची होती. त्यांच्यावर पत्र्यापर्यंत खुर्च्या होत्या, त्यांच्या मागे तशाच, आणि त्यांच्याही मागे तशाच. शनिवारच्या लग्नांचा माल परत आला होता आणि आम्ही बोलत असताना लोकांनी तो केबिनच्या तोंडाशी रचून टाकला होता. कूलरमुळे आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं.

"मामा."

"हाव, सीझनमध्ये होते असं," मामा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले. "बस. दोन वाजता कुहीचा माल निघते, रस्ता होऊन जाते."

मी फटीतून हाक मारली. पलीकडून रुपरावांचा आवाज आला. रुपराव मामांकडचे सगळ्यात जुने माणूस. माल तेच रचतात, टेम्पो तेच चालवतात.

"रुपरावकाका, या खुर्च्या जरा बाजूला करता का?"

"ऑर्डर कोनती आहे?"

"ऑर्डर नाही. मी आत आहे."

"लग्न कोनाचं आहे?"

"कोणाचंच नाही, काका. मला बाहेर यायचंय."

 ते खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "बापू, खुर्ची एकदा लागली त लग्नालेच उठते. आज तुह्यासाठी उठवली, उद्या कोनी पानी प्यायले जायचं म्हनन. मंग आमी कवा झोपाव?" आणि चपलांचा आवाज लांब गेला. रात्रभर माल उतरवून ते लोक गाद्यांच्या ढिगावर झोपायला निघाले होते.

मी खुर्च्यांवर चढून बघितलं. वर पत्रा होता. मे महिन्यातला पत्रा डोक्याला लागला की माणूस स्वतःहून खाली येतो.

"कूलर काढू का?" मी विचारलं. "खिडकीतून जातो."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "प्रशिक," ते म्हणाले, "तू माह्या बहिणीचा पोरगा आहेस म्हनून हे एकदा ऐकून घेतलं."

तर बसलो. दोनला रस्ता होणार, पाचची गाडी, वेळ भरपूर होता. मामांनी मला विचारलं, हैदराबादचे लोक तुला तिथे नेमकं काय करायला बोलावत आहेत. मी म्हटलं, वेबसाइट करायला. ते म्हणाले, "मंग इथं काय करून राहिला होता?"  माठ पलीकडे होता. आम्ही तहानलेल्या अवस्थेत एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मामांना उकडत नाहीये. त्यांना बंद असल्यासारखं वाटतच नव्हतं. माल समोर, भाचा आत.

एकच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. देवाजीभाऊ, कुहीचे. आज त्यांच्या मुलीचं लग्न. मामांनी फोन स्पीकरवर टाकला.

"राम राम, संघपालभाऊ."

"जय भीम, देवाजीभाऊ. दोनले टेम्पो निघते."

"कायचा टेम्पो? खुर्च्या नाहीत म्हंता ना."

"कोन म्हंते?"

"तुमचा फोटो म्हंते!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. साइट चाचणीची होती, तिचा पत्ता मी फक्त मामांना पाठवला होता. मामांनी तो सकाळीच आपल्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लावला होता, खाली झेंडूच्या माळेचं चित्र. देवाजीभाऊंनी तो कौतुकाने उघडला, सगळ्या पाहुण्यांसमोर आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख टाकली, आणि मामा त्यांना हसत हसत नाही म्हणाले.

"पोट्टे लोक तपासत असतीन, भाऊ, मशीन आहे थे."

"तेच म्हंतो मी. मानसानं नाही म्हटलं असतं त दोन शिव्या देल्ल्या असत्या, चाय पेलो असतो, काम होऊन गेलं असतं. फोटोसंग कसा भांडू? सारे सोयरे माह्या तोंडाकडे पाहून राहिले. मी सतरंज्या टाकून राहिलो आता. तुमचा टेम्पो नोका पाठवू."

"उमरेडच्या बिछायतवाल्याले विचारलं का?" मामांनी सावध विचारलं.

"विचारलं. थो म्हने, संघपालले विचारून सांगतो."

मामा जरा सुखावले, पण क्षणभरच. कारण त्यांना जे कळलं ते मलाही त्याच वेळी कळलं. कुहीची ऑर्डर गेली, तर दोन वाजता माल निघणार नाही. मग एकच ऑर्डर उरते, बेशाच्या लॉनची. लॉन दोन गल्ल्या पलीकडे. तिथला माल निघणार सहाला.

माझी गाडी पाचला.

मामांनी फोन माझ्या हातात दिला. "बोल, मशीनवाल्या. तूच म्हटलं ना नाही."

मी बोललो. मी देवाजीभाऊंना सांगितलं की ही चाचणी होती.

"चाचणीले माह्याच पोरीचं लग्न भेटलं का तुले?"

मी सांगितलं की यंत्रणेला एक खुर्ची दिवसात एकदाच मोजता येते.

"मंग तिले घरी ठेव ना. काहून बाहेर काढतं?"

मी म्हटलं, खुर्च्या आहेत. माझ्यासमोर आहेत. पत्र्यापर्यंत आहेत. इतक्या खुर्च्या मी आयुष्यात एका ठिकाणी पाहिल्या नाहीत. मला त्या तुमच्या मांडवात बघायच्या आहेत, काका. माझा आवाज थोडा कापला.  देवाजीभाऊंना तो पश्चात्ताप वाटला असावा.

"असं कर," ते म्हणाले. "ज्यानं नाही म्हटलं, थो मले समोर पाहिजे. साऱ्या सोयऱ्याईसमोर. खुर्च्यासंग येत असशीन त पाठव टेम्पो. येतं का?"

कुही हे गाव स्टेशनच्या उलट्या दिशेला आहे. पण मी तेव्हा कुहीला नव्हतोच, मी एका केबिनमध्ये होतो, आणि हो म्हटलं की दार उघडणार होतं. दार उघडलं की बॅग उचलायची, ऑटो पकडायचा. टेम्पो कुहीला जाईल, मी स्टेशनला. देवाजीभाऊ मला ओळखतही नव्हते.

"होऊन जाईन," मी म्हटलं.

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या प्रेमाने त्यांनी तो माझ्या पदवीच्या वेळीही ठेवला नव्हता.

मी फटीतून ओरडलो, "रुपरावकाका! लग्न आहे! कुहीचं!"

लग्न म्हटल्याबरोबर पलीकडे सगळे उठले. खुर्च्या निघायला लागल्या. एकेक थर उतरत गेला, उजेड आला, वारा आला, आणि पाऊण तासाने समोर माणूस जाईल एवढी वाट झाली. मी मामांच्या पाया पडलो आणि बाहेर धावलो. माठाजवळ गेलो.

माठ नव्हता. बॅगही नव्हती.

"काका, इथलं सामान?"

"संघपालभाऊ बोल्ले, समोरचं सारं भर," रुपराव म्हणाले. "भरलं."

बॅग टेम्पोत तळाला होती. तिच्यावर पाचशे खुर्च्या होत्या. बॅगेत माझी प्रमाणपत्रं, कपडे, चार्जर आणि आईने दिलेला चिवडा. माठ तेवढा त्यांनी जपून पुढे ठेवला होता. माझ्या जागेवर.

मी माठ मांडीवर घेऊन बसलो. टेम्पो निघाला. एका वळणावर पाटी होती, स्टेशनकडे बाण. रुपरावांनी विरुद्ध बाजूला वळवला. मी माठातलं पाणी प्यायलो. गार होतं, हे मान्य करावं लागेल.

कुहीच्या अलीकडे धान निघून गेलेल्या एका मोठ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मांडव होता. अर्ध्या बांधीत सतरंज्या टाकलेल्या, त्यांच्यावर उन्हाने त्रासलेली म्हातारी माणसं गुडघे धरून बसलेली. देवाजीभाऊ नवा कोरा सफारी घालून वाट बघत होते. त्यांच्या मागे निदान चाळीस सोयरे.

मी हात जोडले.

"हाच का थो?" कोणीतरी विचारलं. "लहान आहे."

"बोल," देवाजीभाऊ म्हणाले.

"काय बोलू, काका?"

"थेच. फोटो बोल्ला थे. माह्या तोंडाकडे पाहून बोल, खुर्च्या उपलब्ध नाहीत."

माझ्या मागे रुपरावांची माणसं खुर्च्या उतरवत होती. त्या पटापट उघडल्याचे आवाज येत होते. पुढे एका म्हातारीला दोघांनी दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं, तिने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि डोळे मिटले. मी देवाजीभाऊंच्या तोंडाकडे बघितलं. मुलीचं लग्न असलेल्या माणसाचं तोंड मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. त्यावर घाम होता, हळद होती, आणि मघापासून कोणीतरी आपल्याला पाडणार आहे अशी भीती होती.

मी तोंड उघडलं. शब्द येईना. लाल अक्षरांत ते फार सोपं होतं.

"नाई ना म्हनता येत?" देवाजीभाऊ म्हणाले.

"नाही."

"मानसाले नाईच येत," ते सोयऱ्यांकडे वळून म्हणाले. "चाल, चाय पे."

पाच वाजता मी वरपक्षाच्या बाजूला खुर्च्यांची पाचवी रांग लावत होतो. बॅग सापडली होती. फोन खिशात थरथरला, गाडी सुटल्याचा संदेश होता. गाडी वेळेवर सुटली होती. आमच्या घराण्यात हे कधीच कोणाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

गोरज लागली. अक्षता पडल्या. आणि मग मामा म्हणाले होते तसंच झालं. लोक उठले. एकदम नाही, आधी मागची रांग, मग मधली, मग पुढची, जसा वास पोचेल तशी. रुपराव कडेला उभे होते. रांग उठली की माणसं आत शिरायची आणि खुर्च्या घडी होऊन जायच्या, इतक्या शांतपणे की जेवायला निघालेल्याला मागे वळून बघितलं तरच कळावं की आपण मघाशी हवेत बसलो होतो. एक काका बसूनच होते. रुपराव त्यांच्या कानाशी वाकले. काका उठले.

टेम्पोत मी मागे बसलो, खुर्च्यांमध्ये, एका खुर्चीवर. बेशापर्यंत मोकळा रस्ता होता. मला कळलं होतं काय चुकलं ते. खुर्च्या किती आहेत हे सांगायचंच नव्हतं. ते मामांनाही नेमकं माहीत नाही. विचारायचं होतं. मी फोनवरच रेडिमेड साइटमधली बुकिंगची सगळी व्यवस्था काढून टाकली. ठेवला तो फोटो, आणि खाली एक साधा अर्ज: नाव, गाव, तारीख, माणसं किती. आणि शेवटी एक प्रश्न: जेवण किती वाजता? अर्ज भरला की तो थेट मामांच्या फोनवर. समोरच्याला एकच उत्तर, हिरव्या अक्षरांत: होऊन जाईन. बिघडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. बंगळुरातला माणूस लागणार नव्हता. मीही लागणार नव्हतो.

बेशाच्या लॉनवर गोपाळरावांचे पाहुणे नुकते यायला लागले होते, आणि त्यांना बसायला खुर्च्या होत्या, अजून कोमट. मामांनी तिथेच उभ्याने साइट बघितली. अर्ज बघितला. शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे तू लिवलं?"

"हो."

"याचा मेकॅनिक कोन?"

"लागतच नाही, मामा."

"असं कसं?" ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात हैदराबादहून रुचिका मॅडमचा फोन आला. त्या माझ्या नव्या कंपनीत नवीन लोकांची व्यवस्था बघतात. गाडीत बसलात का, त्यांनी हिंदीत विचारलं. मी खरं सांगितलं, गाडी चुकली. का, तर लग्न होतं. त्या घाबरून म्हणाल्या, तुमचं? मी म्हटलं, नाही, पाचशे लोक जेवायला उठायचे होते.  मग म्हणाल्या, पहिला आठवडा घरूनच लॅपटॉपवर काम सुरू करा, पुढच्या सोमवारी इथे या. नेट चांगलं आहे ना?

घरी नेट चांगलं नाही. मामांनी वेबसाइटसाठी म्हणून गेल्या महिन्यात नवीन कनेक्शन घेतलं होतं. केबिनमध्ये.

सोमवारी सकाळी मी तिथे बसलो. जनरेटरवर लॅपटॉप, खिडकीत कूलर, समोर माझे नवे साहेब पडद्यावर. मामा शेजारी बसून अर्ज वाचत होते. रात्रीतून बरेच आले होते. मांढळच्या एका गृहस्थांनी जेवणाच्या रकान्यात लिहिलं होतं, या ना, वाढून ठेवतो. कूलरच्या आवाजात आम्हाला दोघांनाही बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

"तुम्हारे पीछे क्या है?" साहेबांनी विचारलं.

मी वळून बघितलं. दार मी उघडं ठेवलं होतं, मुद्दाम. त्यात आता उजेड नव्हता. खुर्ची होती, तिच्यावर खुर्ची होती.

"फर्निचर, सर."

"अच्छा. तो अगले मंडे यहाँ ऑफिस में मिलते हैं. पक्का?"

"प्रशिक," मामा माझ्या बाहीला धरून कुजबुजले, "पुढच्या सोमवारी उमरेड आहे न भिवापूरही आहे. एकाच दिवशी. तू येतं ना?"

मी मामांकडे बघून मान हलवली. मग पडद्याकडे बघितलं.

"हो जाएगा, सर," मी म्हटलं. "सिर्फ एक बात बताइए. वहाँ लंच कितने बजे होता है?"